"इट इज अवर ग्रेट ऑनर सर": हळदीचा एक कंटेनर आणि ऑनर या शब्दाचे तीन फटके

माझा आतेभाऊ, त्याला घरात सगळे दादाच म्हणतात, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा खरेदीदार आहे. सौद्यात बसायचं, राजापुरी हळकुंड घ्यायचं, पॉलिश करून बाहेर पाठवायचं, ही त्याची वीस वर्षांची लाइन. हळकुंड नुसतं मोडून आतला रंग बघितला की माल कुठल्या भागातला ते सांगतो. पण इंग्रजी मेल आला की मोबाईल माझ्याकडं सरकवतो, आणि यावेळी तेवढंच केलं नाही, कारण फेब्रुवारी-मार्च म्हणजे माझा द्राक्षाच्या कंटेनरांचा सीझन, मी रात्री अकराला घरी येणार आणि त्याला वाटलं कशाला त्रास द्यायचा. मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो, म्हणजे घरात डॉक्टर असताना पेशंट मेडिकलवाल्याला विचारून गोळी खातो तसला हा प्रकार.

दुबईचा एक मसाल्याचा खरेदीदार, पहिलाच व्यवहार. ४ फेब्रुवारीला दादानं मेलवर भाव दिला, खाली स्पष्ट लिहिलं होतं की हा भाव सात दिवसांपुरता. सात दिवस गेले, उत्तर नाही. दादा विसरून गेला. तेवढ्यात सौद्यात तेजी आली आणि क्विंटलमागं साधारण सहाशे रुपये चढले. १६ तारखेला मेल आला: "प्लीज कन्फर्म दॅट यू विल ऑनर द प्राइस कोटेड ऑन ४ फेब्रुवारी."

दादानं मोबाईलवर भाषांतर करून बघितलं. तिथं आलं, "तुम्ही किमतीचा आदर कराल याची कृपया पुष्टी करा." त्याला वाटलं अरबी लोकांची बोलायची पद्धत असेल, आदराची माणसं आहेत. मग यानंही आदरानं उत्तर ठोकलं: "यस सर, इट इज अवर ग्रेट ऑनर सर." पुढं दोन हात जोडलेले.

झालं. तिकडं त्यांनी वाचलं, यस, जुना भाव कबूल. चौदा टनाचा कंटेनर म्हणजे १४० क्विंटल, गुणिले सहाशे, ८४ हजार रुपये एका नमस्कारात गेले.

आता इथं थांबून शब्दाकडं नीट बघू, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. ऑनर हे नाम असलं की मान, अब्रू, इज्जत, ते आपल्याला शाळेपासून माहिती. पण तेच क्रियापद झालं आणि त्याच्यापुढं किंमत, चेक, बिल, वॉरंटी, कूपन, करार असलं काही आलं, की मान-बिन काही नाही, त्याचा अर्थ सरळ व्यवहाराचा: जे कबूल केलंय ते पुरं करणं, आणि कबूल केलेली गोष्ट पैसा असेल तर तो देणं. कंपनी वॉरंटी ऑनर करते म्हणजे बिघडलेला मिक्सर दुरुस्त करून देते, मिक्सरला हार घालत नाही. प्राइस ऑनर करणं म्हणजे बाजार कितीही चढला तरी बोललेल्या भावानं माल देणं. यार्डात हे रोज चालतंय, फक्त तिथं आपण उलट बाजूनं बोलतो, "सौदा मोडू नका" म्हणतो. सौदा मोडणं याच्या बरोबर विरुद्ध जे काही आहे ते म्हणजे ऑनर. दादाला कुणी नुसतं "चार तारखेचा भाव धरणार का?" असं विचारलं असतं तर त्यानं ताडकन सांगितलं असतं, मुदत संपली शेठ, आजचा भाव घ्या.

तो सौदा कायद्यानं टिकला असता का हा वेगळा वाद आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ म्हणतंय की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त पाहिजे, आणि "आमचा मोठा सन्मान आहे" याला तसा स्वीकार म्हणायचं का यावर दोन वकील दोन तास भांडतील. पण दादा म्हणाला, आपण यस लिहिलंय, पहिलं गिऱ्हाईक आहे, जाऊ दे. खरं सांगायचं तर मला हे पटलं होतं.

दुसरा फटका जास्त महागाचा, आणि त्यात माझाही हात आहे. त्या खरेदीदारानं एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) उघडली, म्हणजे त्याच्या दुबईच्या बँकेनं लिहून दिलं की कागद बरोबर आले तर पैसे आम्ही देणार. दादानं फोन करून सांगितलं "एलसी आलीय लका", मी एका शेतकऱ्याच्या शेडवर पॅकिंग बघत उभा होतो, मी म्हणलं "एलसी आहे ना, मग काय टेन्शन नाही." एलसी न वाचता. असलं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला शिव्या घातल्या असत्या.

नंतर मी तो कागद बघितला तेव्हा दादानं त्यात एका वाक्याखाली निळ्या पेननं रेघ मारली होती. वाक्य असं: "वी हिअरबाय अंडरटेक टु ऑनर ऑल डॉक्युमेंट्स प्रेझेंटेड इन कम्प्लायन्स विथ द टर्म्स ऑफ धिस क्रेडिट." रेघ "डॉक्युमेंट्स"पर्यंतच होती. "इन कम्प्लायन्स"ला पेन पोचलंच नव्हतं. म्हणजे बँक सगळ्या कागदांना ऑनर करणार, पैसे पक्के, एवढंच त्यानं घेतलं.

एलसीच्या दुनियेत ऑनर हा शब्द मोघम नाहीये, त्याची व्याख्या छापलेली आहे. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम असतात, यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू, जवळपास सगळ्या एलसी त्यांच्याखालीच निघतात. त्याच्या आधीच्या यूसीपी ५०० मध्ये ऑनरची व्याख्या नव्हती, ६०० मध्ये आर्टिकल २ मध्ये घातली आणि तिचे तीन प्रकार केले. एलसी साइट पेमेंटची असेल तर ऑनर म्हणजे कागद बघून पैसे देणं. डेफर्ड पेमेंटची असेल तर ऑनर म्हणजे आधी "अमुक तारखेला देतो" अशी हमी अंगावर घेणं आणि त्या तारखेला देणं. आणि एलसी स्वीकाराची असेल तर आपण काढलेली बिल ऑफ एक्स्चेंज (अमुक रक्कम द्या असा लेखी हुकूम) स्वीकारणं आणि मुदतीला तिचे पैसे भागवणं.

दादाची एलसी होती दुसऱ्या प्रकारातली, बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती) तारखेपासून ६० दिवस. कंटेनर न्हावा शेवाहून जहाजावर चढला, बीएलची तारीख पडली ३ मार्च. म्हणजे सगळं शंभर टक्के बरोबर झालं असतं, बँकेनं आनंदानं ऑनर केलं असतं, तरी पैसे २ मेच्या आधी येणार नव्हते. दादाच्या डोक्यात मात्र ऑनर म्हणजे कागद गेले की आठ दिवसांत खात्यात रक्कम. या हिशोबावर त्यानं एक चेक देऊन ठेवला होता, त्याच्याकडं येतोच आता.

आधी कागदांचं काय झालं ते. एलसीवर संपण्याची तारीख १५ एप्रिल होती, दादाला वाटलं तोपर्यंत कधीही दिलं तर चालतंय. पण आर्टिकल १४ मध्ये नियम आहे, माल चढल्यापासून २१ कॅलेंडर दिवसांच्या आत कागद सादर झाले पाहिजेत, एलसीत वेगळी मुदत लिहिली नसेल तर हीच लागू. ३ मार्च अधिक २१, म्हणजे २४ मार्च. आणि सादर कुठं, तर ही एलसी फक्त दुबईच्या त्या बँकेतच उपलब्ध होती, म्हणजे २४ तारखेला कागद त्यांच्या काउंटरवर पाहिजेत, सांगलीच्या शाखेत दिले हे सादर झालं असं धरत नाहीत. दादानं २० ला इथल्या शाखेत फाइल दिली, पोच घेतली, चहा पिऊन आला. शाखेनं तपासून मुंबईला पाठवली, मुंबईनं कुरिअर केली, दुबईत पोचली २७ ला. तीन दिवस उशीर.

बँकेला कागद तपासायला पाच बँकिंग दिवस असतात, आणि नाकारायचं असेल तर त्या आतच एका नोटिशीत सगळ्या चुका सांगाव्या लागतात, कागद आमच्याच ताब्यात ठेवलेत की परत पाठवतोय तेही सांगावं लागतं. नाही सांगितलं तर नंतर तक्रार करायचा हक्क जातो. ही पाच दिवसांची गोष्ट मी कायम मनाशी मोजत असतो, काही बँका यात घसरतात. ही घसरली नाही. वेळेत मेसेज आला, त्यात "लेट प्रेझेंटेशन" आणि वर मोठ्या अक्षरात, रिफ्यूज टु ऑनर.

दादा रात्री साडेनऊला घरी आला. हातात प्रिंटआउट. पायरीवरच बसला, आत यायला तयार नाही. म्हणतोय, "ऑनर करायला नकार देतायत लका. मी काय त्यांचं वाकडं केलंय? माल खराब आहे का?" मी म्हणलं, दादा, त्यांनी तुझा माल बघितलेलाच नाही. बँक हळद बघत नाही, बँक कागद बघती. आर्टिकल ५ चं नावच तसं आहे, बँकांचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. तुझं हळकुंड सोन्यासारखं असू दे, कागद तीन दिवस उशिरा गेला की त्यांच्या लेखी अट मोडली. आणि उलटंही खरं आहे, पोत्यात भुस्सा भरला आणि कागद चोख दिले तर बँकेला सहसा पैसे द्यावे लागतात, फसवणूक कोर्टात दाखवता आली तरच वेगळं. म्हणून या वाक्यात "रिफ्यूज टु ऑनर" म्हणजे बेअब्रू नाही, "या कागदांवर आमची देण्याची जबाबदारी उभी राहिली नाही" एवढंच.

त्याला ते पटलं असं वाटलं नाही. दहा मिनिटं गप्प होता.

यातनं वाट एकच असते, खरेदीदाराला विचारायचं की उशीर माफ करतोस का. बँक स्वतःही विचारू शकते. दोन दिवसांनी खरेदीदाराचा मेल आला, माफ करतो, पण दोन टक्के कमी घेणार, बाजार जरा उतरलाय. हे जगभर चालतं, कागदात चूक सापडली की भाव पाडायचा. चूक नसती तर त्याला तोंड उघडायला जागा नव्हती.

मग मेल मी लिहिला. फार नाही, चार ओळी. फेब्रुवारीत बाजार चढला होता तेव्हा तुम्ही आम्हाला जुना भाव ऑनर करायला सांगितला, मुदत संपलेली असूनही आम्ही तो ऑनर केला. आता बाजार उतरलाय, तेव्हा तुम्ही कराराचा भाव ऑनर कराल असा विश्वास आहे. दादाला मराठीत वाचून दाखवलं, "आम्ही धरला, आता तुम्ही धरा." दादा म्हणला, "हे कळलं." मेल बरा लागू पडला म्हणायचा, दोनचा एक टक्का झाला. एक टक्का तरी काढलाच त्यानं, वीस लाखाच्या आसपासचा माल म्हणजे वीस हजार, शिवाय दुबईच्या बँकेनं डिस्क्रिपन्सी फी, म्हणजे कागदात चूक निघाल्याची फी, कापली ती वेगळी. पण एप्रिलच्या मध्यात बँकेचा मेसेज आला, कागद स्वीकारले, २ मेला पैसे देऊ. तो मेसेज म्हणजे ऑनरचा पहिला भाग, हमी. मी दादाला फोन करून म्हणलं ऑनर झालं. त्यानं विचारलं, "पैसे आले?" म्हणलं नाही, २ मेला. "मग ऑनर कसलं झालं?" बरोबर आहे त्याचं, मराठी माणसाला असंच वाटणार.

आता तो चेक. माल घेतलेल्या आडत्याचे सहा लाख बाकी होते. दादानं ५ एप्रिलचा चेक आधीच दिला होता, तोपर्यंत दुबईचे पैसे येतील म्हणून. आडत्यानं ५ ला भरला, ७ ला परत आला, सोबत रिटर्न मेमो, कारण: फंड्स इन्सफिशिअंट. एरवी यार्डात असं झालं की फोन होतो, "शेठ, काय झालं?" आणि आठ दिवस थांबतात. पण त्या आडत्यालाही पुढं शेतकऱ्यांची पट्टी भागवायची होती, शिवाय त्याचा मुलगा नवीन आणि नियमावर बोट ठेवून चालणारा. १२ तारखेला वकिलाची नोटीस आली. मराठीत. "आपण दिलेला धनादेश अनादरित झाला असून..."

दादा भडकला. "अनादर? मी त्या माणसाच्या पाया पडतो दिवाळीला. अनादर कुणाचा केलाय मी?"

हसू आलं पण हसण्यासारखी वेळ नव्हती, कारण या अनादराच्या मागं तुरुंग आहे. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, त्यात कलम १३८, १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेलं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर विषय संपला, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. दादाच्या हातात २७ एप्रिलपर्यंत वेळ होता आणि दुबईचे पैसे २ मेला. पाच दिवसांचा फरक.

मला राग येतो तो त्या "अनादरित" शब्दाचा. इंग्रजी डिसऑनर समोर ठेवून कुणीतरी शब्दाला शब्द लावला आणि कोर्टाच्या मराठीत तो बसला. आपल्याकडं शब्द नव्हता का? चेक वटतो किंवा वटत नाही, हे बाजारातल्या हमालालाही कळतं. त्याच्याही आधी हुंडी होती, ती "सकारायची". दर्शनी हुंडी असली तर दाखवली की पैसे, मुदती असली तर आधी सकारायची म्हणजे मान्य करायची आणि मुदतीला भागवायची. वर यूसीपीतले तीन प्रकार सांगितले ना, त्यातला पहिला आणि तिसरा यात आला की नाही? १८८१ च्या कायद्यातच पहिल्या कलमात लिहिलंय की देशी भाषेतल्या कागदांबाबतची स्थानिक रूढी तशीच राहील, म्हणजे इंग्रजानंही हुंडीच्या रूढीला हात लावला नाही, आणि आपण मात्र सकारणं टाकून अनादर घेतला.

एक कोपरा मात्र आहे जिथं ऑनरचा अर्थ खरोखर अब्रू होतो. त्याच कायद्यात कलम १०८ पासून पुढं "ॲक्सेप्टन्स फॉर ऑनर" आणि ११३ मध्ये "पेमेंट फॉर ऑनर" आहे. बिल ऑफ एक्स्चेंज नाकारलं गेलं आणि तसं नोटरीकडं नोंदवलं गेलं, की त्या बिलावर ज्याची सही आहे त्याची पत जाऊ नये म्हणून तिसराच माणूस पुढं होऊन म्हणतो, त्याच्यासाठी मी देतो. आपल्या जुन्या पेढ्यांमध्ये याला जिकरी चिठ्ठी असायची. हुंडीबरोबर एक चिठ्ठी द्यायची, त्या गावातल्या ओळखीच्या पेढीच्या नावानं, की समोरच्यानं हुंडी नाही सकारली तर तुम्ही सकारा. हे दादाला सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली, म्हणला, "म्हणजे आत्ता मला जिकरी चिठ्ठी पाहिजे."

ती वहिनींनी दिली. पाटल्या आणि राणीहार घेऊन त्या स्वतः दादाबरोबर पतसंस्थेत गेल्या, साडेपाच लाख सोनेतारण मिळालं, राहिलेले पन्नास हजार मी दिले. आणि तिथल्या बाकावर बसून दादानं पाटीकडं बघत मला विचारलं, "पतसंस्था म्हणजे क्रेडिट सोसायटी ना? मग पत म्हणजे क्रेडिट का अब्रू?" मी म्हणलं दोन्ही. "मग इंग्रजीचं काय चुकलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

२५ एप्रिलला आम्ही दोघं आडत्याच्या गादीवर गेलो. पैसे सकाळीच आरटीजीएसनं गेले होते. मुलगा कॉम्प्युटरवर होता, त्यानं खात्यात बघून मान हलवली. म्हातारे अण्णा आत होते, ते बाहेर आले, चहा सांगितला, ड्रॉवरमधनं तो चेक काढला, त्याला टाचणीनं रिटर्न मेमो लावलेला. दादा म्हणला, "अण्णा, मी तुमचा अनादर केला नव्हता हो." अण्णांना कळेचना काय बोलतोय. मग नोटिशीचा मजकूर मुलानं वाचून दाखवला, तेव्हा अण्णा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. म्हणाले, "अरे, आमच्या वडलांच्या वेळी हुंडी भागली की तिला खोका म्हणायचे. हा घे तुझा खोका. आता खोका म्हणलं की लोकांना भलतंच आठवतंय म्हणा."

दादानं चेकवर दोन तिरक्या रेघा मारल्या, घडी घातली, खिशात ठेवला. उठताना मुलानं विचारलं, पुढच्या सौद्याचं पेमेंट कसं, चेक का? अण्णा दादाच्या आधीच म्हणाले, "चेक चालतोय त्याचा."

दुबईचे पैसे ४ मेला खात्यात आले, पाटल्या त्या आठवड्यात सुटल्या. माझे पन्नास हजार दादानं जूनमध्ये ऑनर केले.